एकोणीस रविवारांची चिठ्ठी

आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं मला ‘आमेनकाका’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान अजून शाबूत आहेत. प्रार्थना संपवताना मी आमेन जरा लांबवतो, त्यावरून हे नाव पडलं. मला राग येत नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटतं. बायकोला जाऊन चार वर्षं झाली, मुलगी सातासमुद्रापार. अशा सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याची कोणी टिंगल करण्याइतकी दखल घेतंय, हेही काही कमी नाही.

धंद्यानं मी सुतार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःच ते विसरणार आहे.

चर्चच्या दाराशी भिंतीवर एक लाकडी पेटी आहे. मीच केलेली. कुणाला काही अडचण असली की चिठ्ठी लिहून त्या पेटीत टाकायची. नाव लिहायचं नाही, नाहीतर चर्चा व्हायला वेळ लागत नाही. ठिकाण आणि गरज, एवढंच. रविवारी मी पेटी उघडतो, एकेक चिठ्ठी वाचतो आणि तिच्यासाठी सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना करतो. पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांसाठी मी उरलेला आठवडा काढतो, असं म्हटलं तरी चालेल. घरात मी मोठ्यानं प्रार्थना करतो ती देवाला ऐकू यावी म्हणून नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. जेवणाआधी आभार मानतो आणि आमेन म्हणून जरा थांबतो. पलीकडून कोणी आमेन म्हणत नाही. मग जेवतो.

तर एका रविवारी ही चिठ्ठी आली: ‘टपाल कचेरीच्या मागे, दुसरा मजला. दार फुगून अडकतं. डावं मनगट मोडल्यापासून मला ते एका हातानं आतून ओढता येत नाही. कुणी येईल का?’

नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. लांब लांब काने, मात्रा अगदी ओळीत. ते बाईंचं अक्षर होतं. लहानपणी रविवारच्या शाळेत मला आणि माझ्या धाकट्या भावाला शिकवणाऱ्या बाई. एका हातात खडू, दुसऱ्या हातात पट्टी, आणि पट्टीचा वापर खडूपेक्षा जास्त.

मी प्रार्थना केली. आणि काय प्रार्थना केली! ‘हे स्वर्गीय पित्या, आमची एक वृद्ध बहीण बंद दारामागे बसली आहे. तिच्याकडे कुणाला तरी पाठव. कुशल हात पाठव.’ ‘कुशल हात’ हे शब्द मी आमेनसारखे लांबवले. पुढच्या बाकावर दोघीजणींनी डोळ्यांना रुमाल लावले. आणि माझे स्वतःचे कुशल हात छातीशी जोडून मी तिथे उभा होतो.

पुढच्या रविवारी तीच चिठ्ठी पुन्हा आली. त्याच्या पुढच्या रविवारीही. बाईंच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण ती आणून टाकायची. ती बाहेरून खांदा लावून दार ढकलायची, दूध-भाजी आत द्यायची आणि कामाला निघून जायची. दार पुन्हा बसायचं ते बसायचंच. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण तिनंच मला चर्चच्या दारात सांगितलं होतं. मी मान हलवून ‘प्रार्थना चालू आहे’ म्हणालो होतो.

तुम्ही म्हणाल, गेला का नाहीस? मला वेळ नव्हता. मी देवाचं काम करत होतो. चर्चसाठी नवं व्यासपीठ, ज्यामागे उभं राहून उपदेश करतात ते, करायला घेतलं होतं, फुकट, शिवाय जुनं टणक लाकूडही पदरचं. पुढच्या बाजूला द्राक्षांचा वेल कोरायचा होता. एका घडात चौसष्ट द्राक्षं, प्रत्येक द्राक्ष वेगळं. रोज संध्याकाळी दुकानाचं दार लावून पटाशीनं एकेक द्राक्ष गोल करत बसायचो. बोटं दुखायची आणि दुखताहेत याचा आनंद व्हायचा. त्या नादात आठवडे कसे गेले कळलं नाही. मला कळलं नाही, असं म्हणायला हवं.

असे एकोणीस रविवार गेले.

इथे धाकट्याबद्दल सांगायला हवं. तोही सुतार. आम्ही दोघं वडिलांच्या हाताखाली शिकलो, एकाच बाकावर उभे राहून. तो डावखुरा, मी उजवा, त्यामुळे कोपराला कोपर लागून भांडणं व्हायची. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ते वर्षभर आमच्याकडे होते. रोज संध्याकाळी मंडळीतली माणसं यायची आणि मी वडिलांच्या उशाशी उभा राहून प्रार्थना चालवायचो. सगळे गेले की धाकटा यायचा. वडिलांना कुशीवर वळवायचा, पुसून काढायचा, चादर बदलायचा, नखं कापायचा. वडील गेल्यावर आभाराच्या सभेत मी बोललो. ‘आम्ही वडिलांची सेवा केली,’ असं म्हणालो. ‘मी’सुद्धा नाही, ‘आम्ही’. वाटलं, केवढं मोठं मन आपलं. धाकटा तिसऱ्या बाकावर होता. तो उठला, टोपी उचलली आणि बाहेर गेला. त्यानंतर सहा वर्षांत ना तो चर्चमध्ये आला, ना माझ्या घरी. मी मात्र त्याला विसरलो नाही. दर रविवारी चिठ्ठ्या संपल्या की ‘भरकटलेल्या भावांसाठी’ म्हणून प्रार्थना करायचो, आणि कुणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना समजायचं.

विसाव्या रविवारी चिठ्ठी बदलली. ‘दार उघडतं. प्रार्थना पुरे.’ एवढंच.

आमच्याकडे पद्धत अशी की एखादी प्रार्थना ऐकली गेली, तर मंडळीतर्फे कुणीतरी त्या घरी जाऊन सगळी हकीकत विचारून लिहून आणायची आणि पुढच्या रविवारी ती साक्ष सगळ्यांना सांगायची. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, खूश झाले. म्हणाले, “काका, तुम्हीच जा. पुढच्या रविवारी तुमच्या व्यासपीठाचं समर्पण आहे. त्याच्यावरून पहिली साक्ष हीच होऊ द्या.”

म्हणून मंगळवारी दुपारी मी वही-पेन घेऊन निघालो. दार अडकलं होतं तेव्हा एकोणीस आठवड्यांत मला वेळ मिळाला नाही, आणि दार उघडल्यावर दोन दिवसांत मिळाला. तेव्हा यात मला काहीच वावगं वाटलं नाही, हे विशेष.

जिना चढून मी दारावर टकटक केली.

“ढकल. उघडंच आहे,” आतून बाई म्हणाल्या.

डोक्यात अजून फुगलेलंच दार होतं म्हणून मी खांदा लावला आणि जवळजवळ तोंडावर आपटलो. दार बोटानं ढकललं असतं तरी पुरलं असतं. स्वतःला सावरून मी वळलो आणि दाराची कड बघितली. धंद्याची खोड, दुसरं काही नाही. कड वरपासून खालपर्यंत एका दमात रंधलेली होती. खालचा कोपरा किंचित गोल केलेला. रंध्याची तिरपी खूण आरशात बघितल्यासारखी उलटी. मी बोट फिरवलं. बोटाला मेण लागलं.

वडील दार बसवून झाल्यावर खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढायचे आणि कडेला घासायचे, दार पुढं कुरकुरू नये म्हणून. त्यांच्याखेरीज तसं करणारा सुतार मी बघितलेला नाही. ती सवय आता जगात दोघांनाच आहे, आणि त्यातला एक खांदा चोळत दारात उभा होता.

“काय बघतोयस? दार कधी बघितलं नाहीस?” बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मनगट बरं झालं होतं, पण वाकडं बसलं होतं.

“हे कुणी केलं?”

“तुला दिसतंय कुणी केलं. बस त्या स्टुलावर.”

मी बसलो. स्टूल लंगडत होतं. मी वही उघडून गुडघ्यावर ठेवली.

बाई सांगू लागल्या. “खालच्या बाईकडे फळी ठोकायला आला होता. तिला माझ्या दाराला खांदा लावताना बघितलं. वर आला, म्हणाला, हे असं किती दिवस? म्हटलं, चार महिने होऊन गेले, मंडळीत प्रार्थना चालू आहे. म्हणाला, कोण करतं? म्हटलं, तुझा दादा. तो तिथं जिन्यातच खाली बसला आणि हसायला लागला. इतका हसला, इतका हसला. शेवटी शेवटी रडत होता की काय कोण जाणे. मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही.”

“मग?”

“मग चिडला. म्हणाला, मंडळीचं काम आहे, मंडळीनं करावं, मी मुळीच करणार नाही. पाय आपटत निघून गेला. मी म्हटलं, चला, हाही गेला. अर्ध्या तासानं अवजारं घेऊन हजर. दार बिजागऱ्यांतून काढलं, रंधलं, बसवलं. वरच्या टाकीचं पाणी झिरपून दार फुगतंय, तेही शोधून काढलं. आता येता-जाता येऊन बसतो. परवा रविवारी तुमची उपासना चालू होती तेव्हाही आला, दर रविवारी येईन म्हणाला. चहा पितो. फारसं बोलत नाही. बसतो.”

मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “तुम्हाला फार त्रास झाला असेल बाई.”

“दाराचं काही नाही रे. सकाळ कशीही जाते. दुपार जात नाही.” त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. “पहिले काही आठवडे जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, तूच. तू लहानपणापासून टाच घासत चालतोस, मला लगेच कळलं असतं. दहाव्या आठवड्यानंतर मी ऐकायचं सोडून दिलं.”

“मग चिठ्ठ्या का पाठवत राहिलात?”

“तुला वाचायला लागाव्यात म्हणून.”

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पट्टी मारली असती तर त्याहून बरं. त्यांनी ते अगदी साधं, दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाल्या, “साक्ष न्यायला आलायस ना? लिही. दार उघडलं, देवानं माणूस पाठवला. कुठला माणूस, ते तू सांग.”

रविवारपर्यंत मी धड झोपलो नाही. सांगायचं की नाही? ‘एका सद्गृहस्थानं मदत केली’ एवढं म्हटलं तर खोटं होत नव्हतं. खरं सांगितलं तर लोक म्हणणार, एकोणीस रविवार हा सुतार हात जोडून सुतार मागत होता. मग पेटीची किल्ली कोण ठेवील माझ्याकडे? ती पंधरा मिनिटं गेली तर माझ्याकडे राहिलं काय? एक रिकामं घर, आणि त्यात माझाच आवाज.

रविवारी मी नव्या व्यासपीठाशी उभा राहिलो. चौसष्ट द्राक्षं माझ्या पोटाशी होती. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, अक्षर, माझी प्रार्थना, मेण लागलेलं बोट. वडिलांची सेवा मी केली नव्हती, धाकट्यानं केली, तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

मग मागच्या बाकावरून कोणीतरी “आमेन!” म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

उपासना संपल्यावर लोकांनी मला गराडा घातला. कोणी हात दाबला, कोणी मिठी मारली. पाळकसाहेबांचे डोळे ओले होते. “काका, अशी नम्रता हल्ली बघायला मिळत नाही. पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे, तिथे हीच साक्ष द्या. वडिलांचा भाग जरा वाढवा.”

लोक तोंड फिरवतील असं वाटलं होतं. उलट मी आणखी दोन बोटं उंच झालो. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आवडलं. त्या गराड्यात उभ्या उभ्याच मी मोठ्या सभेसाठी वाक्यं जुळवू लागलो. मेणाची गोष्ट शेवटी घ्यावी, असंही ठरवलं.

रुमालवाल्या दोघींपैकी एकीनं विचारलं, “आणि भाऊ काय म्हणाले हो? भेटून आलात ना?”

मंगळवार ते रविवार. धाकट्याचं दुकान माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. मी पाच रात्री तळमळत काढल्या होत्या, दीडशे माणसांपुढे त्याचं नाव घेऊन रडलो होतो, आणि त्याच्याकडे जावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पुन्हा तेच. अगदी तेच.

“नाही,” मी म्हणालो आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडलो.

घरी जाऊन अवजारांची पिशवी घेतली. बाईंच्या जिन्यात पोचलो तेव्हा दम लागला होता. आतून कपबशीचा आवाज आला आणि मी टकटक करायच्या आत दार उघडलं गेलं. टाचांनी चहाडी केली असणार. दारात धाकटा होता. केस सगळे पांढरे झालेले. हे मला ठाऊक नव्हतं, माझ्या प्रार्थनेत त्याचे केस काळेच होते.

“प्रार्थना करायला आलायस?” तो म्हणाला.

“नाही. बाईंचं स्टूल लंगडतंय.”

तो बाजूला झाला. ये म्हणाला नाही. खोलीत खुर्च्या दोनच, एक बाईंची, एक त्याची. मी स्टूल उलटं करून फरशीवर बसलो. एका पायाचं कूस, म्हणजे बैठकीच्या भोकात बसणारं टोक, सैल झालं होतं. मंगळवारी मी याच स्टुलावर बसून अर्धा तास डुलत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. लाकडाची पातळ पाचर तासली, ठोकली, वरचा तुकडा कापून टाकला. स्टूल सरळ करून वर हात दाबला. हललं नाही. तोंडात आमेन आलं होतं, ते गिळलं.

मग खाली मान घालूनच म्हणालो, “वडिलांची सेवा तू केलीस. मी नाही.”

“हे मंडळीत सांगितलंस?”

“आज सांगितलं.”

“मग मला कशाला सांगतोयस?”

“तिथं सोपं गेलं.”

धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी माझ्यासाठी चहा ओतला आणि बशी स्टुलावर ठेवली. मला वाटलं, आता तो टोपी उचलेल आणि जाईल. त्यानं टोपी उचलली, हातात फिरवली आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

“उद्या वरच्या टाकीचं बघायचंय,” तो खिडकीकडेच बघत म्हणाला. “झाकण एकट्यानं उचलत नाही.”

“किती वाजता?”

“आठ.”

“येतो.”

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. हा शब्द माझ्या तोंडून त्यानं पुष्कळदा ऐकला होता. “बघू,” म्हणाला.

सोमवारी पावणेआठलाच मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. हातात पिशवी, आजूबाजूला कोणी नाही. आठ वाजले. खाली पावलं वाजली, मी कठड्यावरून वाकून बघितलं, दूधवाला होता. पुन्हा वाजली, खालची शेजारीण कामाला निघाली होती. आठ वाजून दहा मिनिटं झाली. प्रत्येक पावलाला वाटायचं, तोच. नसायचा. फक्त पंचवीस मिनिटं झाली होती, आणि माझ्यानं उभं राहवेना. बाईंनी असे एकोणीस आठवडे काढले होते.

सव्वाआठला धाकटा आला. मला बघून पायरीवरच थांबला.

“कधी आलास?”

“आत्ताच,” मी म्हणालो. मग म्हणालो, “नाही. पावणेआठला.”

त्यानं मान हलवली आणि टाकीकडे जाणारी शिडी लावली. मी खालून धरली.